खाली कोण?

"खाली कोण?" असं विचारल्याशिवाय त्यांनी कधी काही खाली सोडलं नाही. गोदामाच्या माळ्यावरून साधं खोकं द्यायचं असलं तरी आधी वाकून विचारायचे, "खाली कोण?" उत्तर येईपर्यंत हात हलायचा नाही. खाली माणूस उभा दिसतोय, एवढं त्यांना पुरत नसे. त्या माणसानं "मी आहे" म्हणायला हवं.

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, तिथं ते सुरक्षा विभागात सुपरवायझर होते. लष्करातून निवृत्त झालेले. उंची बेताची, खांदे मात्र दाराला अडतील असे, आणि मान इतकी जाड की शर्टाचं वरचं बटण कधी लागलं नाही. समोर सगळे त्यांना फौजी म्हणायचे. मागं दुसरं नाव होतं, बर्फवाले.

त्या नावानं घोटाळेही व्हायचे. पेंट शॉपमधल्या एका नवीन मुलाच्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा तो थेट त्यांच्याकडे गेला.

"फौजीकाका, सरबताला बर्फ लागंल. तुमच्याकडून चार लाद्या मिळतील का?"

ते शांतपणे म्हणाले, "माझा बर्फ लई लांब आहे रे. आन् तो लाद्यांत येत नाय. उतारात येतो."

मुलगा माझ्याकडे येऊन विचारू लागला, काकांचं डोकं ठीक आहे ना. मी त्याला एमआयडीसीतल्या बर्फाच्या कारखान्याचा पत्ता दिला आणि कामाला लावलं. मलाही तेव्हा जास्त काही माहीत नव्हतं.

कळलं ते कंपनीच्या बसमध्ये. बजाजनगरातून आम्ही एकाच बसनं जायचो. ते खिडकीशी बसत, डोळे मिटत, हनुवटी छातीवर टेकवत. तुम्ही म्हणाल, बसमध्ये सगळेच डुलक्या घेतात. पण डुलकी घेणाऱ्याची मान लोंबते. यांची मान ताठ असायची आणि खांदे हलायचे. आधी डावा खांदा किंचित दबायचा, मग उजवा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा डावा. रस्ता सरळ असला तरी यांची वळणं चालूच. शेवटी डोळे उघडायचे, आणि उघडल्यावर क्षणभर ते आजूबाजूला असं बघायचे, जसं कोणीतरी न्यायला येणार होतं आणि आलेलं नाही.

एके दिवशी मी विचारलं, "साहेब, झोप लागली होती का?"

"नाय मॅडम. उतरत होतो."

"अजून कंपनी यायचीय."

"बसमधनं नाय," ते म्हणाले. "डोंगरावरून."

मग त्यांनी सांगितलं. मूळचे देवगाव रंगारीचे, शेतकऱ्याच्या घरातले. सैन्यात भरती झाले ते पळण्याच्या जोरावर. एका हिवाळ्यात बर्फाळ मुलखात बदली असताना एका अधिकाऱ्यानं तुकडी उभी केली आणि विचारलं, सगळ्यांत जोरात कोण पळतो? यांनी हात वर केला. "मला वाटलं, डाक आणायला पाठवतील. त्यांनी बर्फावर पालथं झोपवलं."

तो खेळ मी तुम्हाला सोप्या भाषेत सांगते, कारण मलाही तो सोप्या भाषेतच समजला. धडाएवढ्या लांबीची एक लोखंडी घसरगाडी. तिला ब्रेक नाही, सुकाणू नाही. तिला धरून वाकून पळायचं, वेग आला की तिच्यावर पोटावर झोकून द्यायचं. डोकं पुढं, पाय मागं, हात अंगाला चिकटलेले, हनुवटी बर्फाला लागता लागता राहिलेली. मग डोंगरावरून वळणं घेत आणलेल्या बर्फाच्या पन्हाळीतून सुसाट खाली. वळायचं ते खांद्यानं आणि गुडघ्यानं किंचित दाबून. प्रत्येक डोंगराची वळणं वेगळी, ती आधी पाठ करावी लागतात, डोळे मिटून. म्हणून ते बसमध्ये खांदे हलवायचे. ज्या डोंगरावर शेवटचे उतरले, तो त्यांना अजून पाठ होता.

या खेळाला स्केलेटन म्हणतात. त्याचा अर्थ सांगाडा, हे त्यांनी गावी जाऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "आरं, जित्या माणसाच्या खेळाला असलं नाव देत्यात व्हय?"

काही हिवाळे ते परदेशात शर्यतींना गेले. देशातून एकटेच. बहुतेक वेळा शेवटचे आले. हे ते लपवत नसत. उलट एक गोष्ट मान वर करून सांगत. "एकदा माझ्या मागं एक होता, मॅडम." कोण होता, कुठल्या देशाचा होता, यातलं काही त्यांना आठवत नव्हतं. होता एवढं नक्की होतं.

गावात या सगळ्याचं काय व्हायचं, ते मी एकदा पाहिलं. त्यांच्या पुतणीच्या लग्नाला मी देवगावला गेले होते. मांडवात पाहुण्यांना ओळख करून देताना त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "हा आमचा दादा. फौजंत होता. तिकडं बर्फावरून घसरायचा." एक म्हातारे पाहुणे हसले. "घसरायला तिकडं कशाला जायाचं? आमी इथं चिखलात रोज घसरतो की." सगळा मांडव हसला. तेही हसले. आणि लगेच पंगतीचे पाट मांडायला उठून गेले. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. बजाजनगरात एका खोलीत राहायचे. त्या अख्ख्या मांडवात, अख्ख्या बजाजनगरात, तो डोंगर पाहिलेला एकही माणूस नव्हता. मी तर साधा हिमवर्षाव पाहिलेला नाही.

नंतर एक दिवस ते स्टोअरच्या खिडकीशी आले. "मॅडम, भंगारात काढलेल्या ट्रॉलीची चाकं मिळतील का? रबराची."

"कशाला?"

"बर्फ नाय इथं. कामगारांच्या पोरांना चाकावर शिकवतो."

मी कारणाशिवाय सामान देत नाही. कारण लिहून घेतलं, वरची परवानगी आणली, चाकं दिली. वाळूजच्याच एका फॅब्रिकेटरनं सुट्टीच्या दिवशी लोखंडी चौकट जोडून दिली. ती गाडी पाहून मुलं तिला 'पाट' म्हणू लागली आणि तेच नाव पडलं. ब्रेक त्यांनी बसवला नव्हता. मी म्हटलं, ब्रेक नसेल तर चाकं परत करा. ते म्हणाले, खऱ्या गाडीला नसतो. मी म्हटलं, खऱ्या गाडीसमोर एसटी येत नाही. पायाचा ब्रेक बसला. हेल्मेट, कोपराचे पॅड, वळणावर कडब्याच्या पेंढ्या, दोन्ही टोकांना लाल झेंडे, प्रथमोपचाराची पेटी, पाणी. कोणत्या रविवारी कोण काय आणणार, हे सगळं मी ठरवून दिलं. अशी कामं नेमून दिल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि असं नेमून देणारं माणूस नसेल तर या माणसाच्या हातून एखादं पोर जायचं, अशी मला तेव्हा खात्री होती.

जागा खुलताबादच्या अलीकडची. मोठ्या रस्त्यावरून फुटून खाली जाणारा जुना डांबरी रस्ता, नवा रस्ता झाल्यापासून ओस पडलेला. उतार चांगला, वळणं दोन-तीन. अगदी खाली, रस्ता पुन्हा जरा चढतो तिथं खुलताबादच्या एका चाचांची चहाची टपरी. पाट आपोआप थांबायचा तो त्या चढावर, टपरीसमोर.

आणि तिथं कोट असायचा.

हा नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून घातला. लष्करातला त्यांचा जाड हिरवा कोट, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. खाली एका माणसानं तो उघडून हातात धरून उभं राहायचं. मूल थांबलं की त्याला उठवायचं आणि कोट अंगावर घालायचा. वरून ते ओरडायचे, "खाली कोण?" खालून उत्तर गेल्याशिवाय वर कोणी पळायला सुरुवात करायची नाही. रस्ता मोकळा आहे हे कळायला ते बरंच होतं, म्हणून मी त्याला हरकत घेतली नाही. पण कोट? एप्रिल महिना, अंगाची लाही होतेय, पोरं घामानं निथळतायत आणि मी हिवाळी कोट पसरून उभी.

चाचा टपरीतून मान बाहेर काढायचे. "कायकू बाई, इत्ती गरमी में कोट लेके खडे? बच्चे को उबालना है क्या?"

"नियम आहे चाचा."

"किसका नियम?"

मी वर बोट दाखवायची. चाचा कपाळाला हात लावायचे आणि चहा गाळायला वळायचे.

एकदा मी टपरीच्या सावलीत चहा घेत होते आणि वरची हाक मला ऐकू आली नाही. मुलं वर थांबली. काही वेळानं पाहते तर ते स्वतः सगळा उतार चालत खाली आलेले. रागावले नाहीत. खांबाला टांगलेला कोट काढून माझ्या हातात दिला. "मॅडम, कोट टपरीनं धरून चालत नाय." आणि पुन्हा सगळा चढ चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विचारलंच. "साहेब, झेंडे समजले, पेंढ्या समजल्या. कोटाचं काय?"

त्यांनी डबा बंद केला.

"शर्यतीत अंगावर पातळ कपडा असतो, मॅडम. वाऱ्याला अडू नये म्हणून. आपले गरम कपडे वर काढून ठेवायचे. ते मागनं ट्रकनं खाली येतात. पण खाली प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतंय. कोच, नायतर भाऊ, नायतर बायको. कोट घेऊन उभं. माणूस थांबला की त्याला त्यात घेतात. पाठीवर मारतात. शिव्या पण घालतात. माझं कोणी नव्हतं. मी ट्रक येईस्तोवर उभा राहायचो."

"थंडी सोसायची कशी?"

"थंडीचं काय नाय. थंडी सोसती. पण तेवढ्या वरून माणूस जीव मुठीत घेऊन खाली येतो, आन् खाली कोणीच नाही, तर वाटतं, आपण आलो का नाय आलो?"

त्यानंतर मी चहा आधी घेऊन मग उभी राहू लागले.

मुलं सुरुवातीला बरीच होती. खरचटलं, परीक्षा आल्या, क्लास लागले, एकेक गळत गेलं. उरली अर्चना. आमच्याच लाइनवरच्या एका ऑपरेटरची मुलगी. बारावी झालेली, पायात भलताच जोर, जिभेलाही तेवढाच. "सर, पाट वाकडा आहे." "पाट सरळ आहे, तू वाकडी आहेस." "मग वाकड्या पाटावर वाकडी पोरगी सरळच जाईल की." ते तोंड फिरवून हसायचे. तिला ते पहाटे बजाजनगरच्या मैदानावर वाकून पळवायचे, एक हात गाडीवर, आणि मैदानात चुन्यानं आपला तो डोंगर काढून त्याची वळणं डोळे मिटून म्हणायला लावायचे. पोरगी पाठांतर म्हणावं तशी ती वळणं म्हणायची. डावा, धर, सोड, उजवा. मी बाकावर बसून पाहायची. त्या डोंगरावर आता दोन माणसं होती.

मग निवडचाचण्या झाल्या. दिल्लीकडे एकदा, बर्फात एकदा. तिचं नाव आलं. परदेशात महिनाभर सराव आणि शेवटी एक शर्यत. सोबत कोच म्हणून यांचं नाव गेलं. ज्या दिवशी ते कळलं, त्या दिवशी त्यांनी कंपनीत सगळ्यांना पेढे वाटले आणि पेंट शॉपमधल्या त्या मुलाला सांगितलं, "चल, आता लाद्या आणतो तुझ्यासाठी."

कागदपत्रांची जबाबदारी मी घेतली होती. पासपोर्ट, फोटो, विमा, वैद्यकीय तपासणी. तपासणीलाच अडलं. डोकेदुखी त्यांना पूर्वीपासून होती, ते ती कधी मोजत नसत. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढला. वर्षानुवर्षं बर्फाच्या भिंतीवर आपटलेल्या डोक्यात जे व्हायचं ते झालेलं होतं. विमान नको, थंडी नको, दगदग नको. मी शेजारी बसले होते. डॉक्टर समजावून सांगत होते आणि ते समजल्यासारखी मान हलवत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"डॉक्टरसाहेब, मग खाली कोण?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगते नंतर."

पुढचे दिवस त्यांनी कोणीतरी मिळावं म्हणून धडपड केली. जुन्या शर्यतींतल्या कोणाकोणाचे फोन नंबर शोधले. एक नंबर बंद होता, एकावर भलत्याच माणसानं उचलला. पथकाचे व्यवस्थापक जाणार होते, पण त्यांच्याकडे आणखी खेळाडू होते आणि ते सुरुवातीच्या ठिकाणी, वर थांबणार होते. मीही सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. काही जमेना. वाळूजमध्ये बसून जगाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा करायचा होता, फक्त कोट धरायला. असं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं आणि ते मला जमलं नाही.

मग त्यांनी शिकवण्याचा रोख बदलला. वेगाबद्दल बोलणं बंद केलं. ट्रक कुठं थांबतो, आपली पिशवी कशी ओळखायची, पिशवीला लाल फडका बांध, थांबल्याबरोबर उड्या मारत राहा, बसू नको. अर्चना वैतागली. "सर, मी काय लहान आहे का?"

"लहान नाहीस. एकटी आहेस. ते वेगळं असतंय."

तिला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. तिची आई डब्याचं सांगत होती, वडील सामान मोजत होते. यांनी हातातला कोट तिच्यापुढं धरला.

"हा लई मोठा आहे, सर."

"मोठाच बरा. थंडीत लवकर अंगात जातो."

गाडी हलल्यावर ती दारातून ओरडली, "सर, खाली कोण?" प्लॅटफॉर्मवरची माणसं बघायला लागली. ते हात वर करून ओरडले, "मी आहे!" डबा दिसेनासा झाला तरी त्यांचा हात वरच होता.

शर्यतीच्या दिवशी ते ड्यूटीवर होते, पण दुपारनंतर स्टोअरमध्येच येऊन बसले. माझ्या टेबलावरच्या फोनकडे पाठ करून. मी पावत्या लावत होते. बऱ्याच वेळानं माझ्या मोबाइलवर अर्चनाचा फोन आला. मी स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"सर, उतरले."

मला वाटलं, आता विचारतील, कितवी आलीस. ते म्हणाले, "खाली कोण होतं?"

"कोणी नव्हतं, सर."

त्यांनी डोळे मिटले. हनुवटी खाली गेली.

"ट्रक आला मग. लाल फडका दिसला. कोट घातला," ती सांगत होती. "आन् सर, ऐका ना. माझ्यानंतर अजून एक पोरगी उतरली. कुठल्या देशाची ते मला बोलता पण येत नाय, आपल्यासारखाच गरम देश असंल. ती थांबली आन् इकडं तिकडं बघायला लागली. तिचं पण कोणी नव्हतं. मग मीच काढला कोट अन् तिला घातला. आपला."

"मग?"

"ती रडायला लागली, सर. मला काय करावं कळंना. मी तशीच धरून उभी राहिले."

"उभी होतीस ना?"

"व्हय."

"मग झालं," ते म्हणाले. "आता काही खा."

फोन बंद झाला. कितवी आली, हे विचारायचं राहिलंच आहे असं मी म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. या खेपेला त्यांनी आजूबाजूला कोणाला शोधलं नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तिच्या मागं एक होती."

त्या पुढच्या वर्षी डोकेदुखी वाढली आणि त्यांनी नोकरी सोडली. भाऊ येऊन देवगावला घेऊन गेला. मी दोनदा जाऊन आले. ओट्यावर बसलेले असायचे, हनुवटी छातीवर, खांदे दबत. भावाची नातवंडं भोवती खेळायची. भाऊ म्हणाला, "दिवसभर डुलक्या घेतोय." शेवटची बातमी मला उशिरा कळली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. माणूस गेला तेव्हा जवळ कोण होतं, एवढंच मी विचारलं. भाऊ म्हणाला, "शेतात होतो आम्ही सगळे. दुपार होती."

आता अर्चना शिकवते. जुना रस्ता तोच, कोट तोच, पाट नवा आहे, ब्रेक आहे, पेंढ्या आहेत. मुलं पुन्हा जमली आहेत. कोणत्या रविवारी खाली कोण उभं राहणार, हे अजून मीच ठरवते आणि आपलं नाव जरा जास्त वेळा घालते. वरून अर्चना ओरडते, "खाली कोण?" मी ओरडते, "मी आहे!" एकेक जण येतं, थांबतं, कोटात शिरतं, कोट परत देऊन चहाकडे पळतं. उन्हाळ्यात अजून चाचा कपाळाला हात लावतात.

शेवटचं मूल उतरलं की अर्चना वरचा झेंडा काढून चालत खाली यायला लागते. मला खरं तर तेव्हाच कोट घडी करून पिशवीत घालायला हवा. बाकी सामान मी लगेच आवरते.

"सब आ गए, बाई?" चाचा टपरी बंद करता करता विचारतात.

"हौ चाचा. आले सगळे."

चाचा निघून जातात. अर्चना खाली येऊन पोचते, तिच्यामागं रस्ता वरपर्यंत मोकळा दिसतो. मी कोट उघडून धरलेलाच असतो.